कुळ शोधायला निघालेल्या भाचीस

सातारा

चि. बाळ,


तुझा रात्री उशिरा पाठवलेला लांबलचक मेसेज वाचला. उत्तर कागदावर लिहिते आहे, कारण फोनवर तू ‘बरं मावशी’ म्हणून मोकळी होतेस आणि माझं निम्मं बोलणं घशातच राहतं.

मैत्रिणीच्या घरचे पालीच्या खंडोबाला निघाले, तिच्या आजीने सहज विचारलं, ‘तुमचं कुलदैवत कुठलं गं?’ आणि तू गप्प झालीस. आजीचा दोष नाही. आपल्या कृष्णाकाठी, कऱ्हाडपासून मिरजेपर्यंत, गाव कुठलं, आडनाव काय, पाहुणे कुठले हे विचारल्याशिवाय हातात चहाचा कप पडत नाही. जिव्हाळ्याने विचारतात, आणि त्याच जिव्हाळ्यात जातही काढून घेतात. सोळाव्या वर्षी हे टोचायला लागलं यात वावगं काही नाही. जन्मदाती कोण, कुठली, तिने का सोडलं, हे तू विचारणारच. विचार. ताईला वाईट वाटेल म्हणून मागे सरू नकोस. तिला वाईट वाटेल, ती रडेल, आणि दुसऱ्या दिवशी तुझ्याबरोबर चौकशीला सरकारी कार्यालयात येईल. एवढी मी माझ्या बहिणीला ओळखते.

पण इन्स्टाग्रामवर लहानपणीचा फोटो टाकून ‘मला ओळखता का’ असं लिहायचा बेत आधी रद्द कर. बालन्याय कायद्याचं कलम 74 तुझ्यासारख्या मुलांचं नाव, फोटो, शाळा माध्यमांत जाहीर करायला बंदी घालतं. मोडलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 2 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. कायदा क्षणभर बाजूला ठेव. ‘मीच तुझी आई’, ‘मीच तुझा मामा’ म्हणत जे येतील, त्यांतलं खरं कोण हे तू कशावरून ठरवणार? आईसाठी आसुसलेल्या पोरीला एकटीला भेटायला बोलावणं फार सोपं असतं. यापुढचं तुला सांगायला नको.

तुझी वाट कागदांची आहे. तू दत्तक नाहीस, संगोपनात आहेस. घरात हा फरक कधी कोणी काढला नाही, म्हणून तुला नीट माहीत नसेल. दत्तकविधान झालं की जन्मदात्यांशी असलेलं कायद्याचं नातं संपतं. संगोपनात ते संपत नाही. तुझी फाईल बालकल्याण समितीकडे असते. समितीचा आदेश, गृहचौकशी अहवाल, तू कधी आणि कुणाच्या हातून संस्थेत आलीस याची नोंद तिच्यात असायला हवी. आईने स्वतः सोपवलं असेल तर तसं पत्र असेल. कायदा अशा आईला फेरविचारासाठी दोन महिने देतो, हेही ध्यानात ठेव. आणि मनाची तयारी ठेव की फाईल दोनच पानांची निघेल.

पुण्यात 1973 साली जन्मून जर्मनीत वाढलेले अरुण डोहले यांना आपलीच कागदपत्रं मिळवण्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. आई भेटली ती 2010 साली. आता दत्तक गेलेल्यांसाठी ‘कारा’च्या, म्हणजे केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या, नियमांतच मूळ शोधायची सोय आहे. अठरा पूर्ण झाले की स्वतः अर्ज करायचा, त्याआधी पालकांबरोबर. पण त्याच नियमांत असंही आहे की मुलाच्या या हक्काने जन्मदात्यांच्या खासगीपणाला धक्का लागता कामा नये. तू दत्तक नसलीस तरी एवढं पथ्य पाळ. ती बाई आज कुठल्या तरी गावात नांदत असेल, तिच्या सासरी कुणाला काही ठाऊक नसेल. पत्ता मिळाला म्हणून एसटी धरून थेट तिच्या दारात उभी राहू नकोस. समितीमार्फत निरोप जाऊ दे. नाही म्हणाली तर तिथे थांबायचं. का सोडलं, एवढं मात्र फाईलवरून समजून घे. ते समजणं तुझ्या हक्काचं आहे.

अमृता करवंदेचं नाव तू ऐकलं असशील. वडिलांनी लहानपणी तिला गोव्यातल्या ‘मातृछाया’त ठेवलं आणि रजिस्टरात नाव लिहिलं. ती नोंद हीच तिची ओळख. स्पर्धा परीक्षेत गुण असूनही अनाथांसाठी रकानाच नाही म्हणून तिची निवड अडली, ती मुख्यमंत्र्यांपर्यंत गेली, आणि 2018 मध्ये महाराष्ट्राने अनाथांना 1 टक्का समांतर आरक्षण दिलं. रजिस्टरातल्या एका ओळीवर ती एवढी लांब चालली.

आता माझ्या शाळेतलं सांगते. 2011 च्या ऑक्टोबरात इथे साताऱ्यात जिल्हा परिषदेने 285 मुलींची नावं बदलली. कुणी नकुसा, कुणी नकुशी. मुलगा हवा असताना पुन्हा मुलगीच झाली, म्हणून ठेवलेली नावं. अशी एक माझ्याही हजेरीपटावर होती. नाव पुकारलं की खाली मान घालून ‘हजर’ म्हणायची. नवं नाव मिळाल्यावर तिने चौरेघी वहीच्या पानापानावर तेच लिहून काढलं, शुद्धलेखनाच्या जागीसुद्धा. मी लाल शाई लावली नाही.

ही मुलगी तुझ्यासारखी संस्थेतली नव्हती. सख्खी आई, सख्खी आजी, गाव, भावकी, कुलदैवत, सगळं जागच्या जागी, आणि नाव नकुसा. तेव्हा रक्ताचं घर सापडलं की सगळं जुळून येईल असं धरून चालू नकोस. तुमच्या सांगलीत 2001 च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे 851 मुली होत्या. 2017 मध्ये म्हैसाळला स्त्रीभ्रूणहत्येचं जे प्रकरण उघडकीस आलं ते तू शाळेत असताना ऐकलंच आहेस. अशा मुलखात तुझ्या आईवर काय दडपण होतं ते फाईलमध्ये कोणी लिहिलेलं नसणार.

कुणीतरी तुला म्हणालं ना, ‘सरकार पैसे देतं म्हणून ठेवलंय’? बालसंगोपन योजनेत महिना 2,250 रुपये मिळतात. तुझा क्लास आणि तुझ्या चपला यांतच ते संपतात, हे त्या शहाण्याला सांग. त्या योजनेला आता सावित्रीबाई फुले यांचं नाव आहे, ते मला योग्य वाटतं. त्यांचं माहेर आपल्याच जिल्ह्यातलं, खंडाळा तालुक्यातलं नायगाव. त्यांचे पती जोतीराव फुल्यांचं मूळ गावही आपल्याकडचं, कटगुण. पुण्याच्या बालहत्या प्रतिबंधक गृहात काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेला झालेला मुलगा या दोघांनी दत्तक घेतला. तो यशवंत. त्याचा जन्म त्यांनी झाकून ठेवला नाही, आणि झाकला नाही म्हणून त्रासही झाला. त्याला मुलगी द्यायला कुणी पुढे येईना. 1889 साली ज्ञानोबा ससाणे यांनी आपली लेक दिली. पुढच्याच वर्षी जोतीराव गेले. अंत्ययात्रेत टिटवं, म्हणजे पुढे धरायचं मडकं, कुणी धरायचं यावर भावकीने दत्तक मुलाच्या हक्काला हरकत घेतली, तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः टिटवं उचललं. यशवंत डॉक्टर झाला. 1897 च्या प्लेगात त्याच्या दवाखान्यात रोग्यांची सेवा करतानाच सावित्रीबाईंना प्लेग झाला आणि त्या गेल्या.

यशवंताबद्दल पुष्कळ लिहिलं जातं, काशीबाईंना मात्र जो तो दोन ओळींत आटोपतो. तुझी जन्मदातीही फाईलमध्ये दोन ओळींतच भेटेल. त्या दोन ओळींवरून तिला गुन्हेगार ठरवू नकोस आणि देव्हाऱ्यातही बसवू नकोस.

आता कामाचं. सांगलीच्या जिल्हा बाल संरक्षण कक्षात ताईला घेऊन जा. अर्ज साध्या कागदावर, स्वतःच्या अक्षरात, बालकल्याण समितीच्या नावे लिही: माझ्या प्रवेशाची नोंद, समितीचे आदेश आणि गृहचौकशी अहवाल मला समुपदेशकाच्या उपस्थितीत पाहायला मिळावेत. समुपदेशकाचं विसरू नकोस. ती पानं एकटीने वाचायची नाहीत. अर्जाच्या दोन प्रती कर आणि एकीवर शिक्क्यासह पोच घे. पोच दिल्याशिवाय हलायचं नाही, मग तिथला कारकून कितीही घाईत असो.

तुझी,
मावशी