लॅपटॉपचे घड्याळ मागे का पडते?

लॅपटॉपच्या पडद्यावर कोपऱ्यात दिसणारे घड्याळ मागे पडू लागले, की बहुतेक जण ते पुढे सरकवतात आणि कामाला लागतात. दोन दिवसांनी पाहावे तो ते पुन्हा मागे! मग कोणी सांगतो 'सेल बदला', कोणी म्हणतो 'व्हायरस शिरला असेल'. परंतु कोणताही उपाय करण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावयास हवेत. घड्याळ नेमके किती मागे पडले? आणि केव्हा मागे पडले, लॅपटॉप चालू असताना की बंद असताना? रोज दोन सेकंद, एका रात्रीत अकरा तास आणि बरोबर साडेपाच तास, हे तीन निरनिराळे आजार आहेत. त्यांचे औषध एक कसे असेल?

घड्याळ चुकल्याने इतके काय बिघडते, असे तुम्हांला वाटेल. समजा, शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस आहे आणि संकेतस्थळ काही केल्या उघडत नाही. घरातले सगळे इंटरनेटला नावे ठेवतात. वास्तविक, सुरक्षित संकेतस्थळ आपली ओळख पटविण्यासाठी एक प्रमाणपत्र दाखविते आणि त्यावर 'अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत' अशी मुदत असते. लॅपटॉपची तारीख काही वर्षे मागे गेली असेल, तर त्याच्या हिशेबी ते प्रमाणपत्र अजून लागूच झालेले नसते. तो दार उघडू देत नाही, आणि त्याच्या परीने ते योग्यच असते.

लॅपटॉपमध्ये वेळ ठेवण्याची दोन साधने असतात. एक लहानसे इलेक्ट्रॉनिक घड्याळ, जे लॅपटॉप बंद असतानाही चालू राहते. त्याला आपण 'आतले घड्याळ' म्हणू. लॅपटॉप सुरू होताना विंडोज किंवा लिनक्स ही कार्यप्रणाली या घड्याळाकडे पाहून वेळ घेते आणि पुढे स्वतःची मोजणी स्वतः करते. १९८१ साली आलेल्या आयबीएमच्या पहिल्या पीसीमध्ये असे आतले घड्याळ नव्हते. संगणक सुरू केला की तारीख आणि वेळ हाताने टंकित करावी लागे. १९८४ च्या पीसी एटीपासून ही कटकट संपली.

या आतल्या घड्याळाचे हृदय म्हणजे क्वार्ट्झचा, म्हणजे गारगोटीच्या जातीचा, एक चिमुकला स्फटिक. तो प्रयोगशाळेतील नादकाट्याच्या आकाराचा कापलेला असतो. क्वार्ट्झवर दाब दिला तर त्यावर विद्युतभार निर्माण होतो, हे झाक आणि प्येर क्यूरी या बंधूंनी १८८० मध्ये दाखविले. उलट, विद्युतदाब दिला तर स्फटिक किंचित वाकतो. त्यामुळे विजेच्या साहाय्याने त्याला सतत थरथरत ठेवता येते. आपला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. हा आकडा मुद्दाम निवडलेला आहे. त्याची निम्मी करा, पुन्हा निम्मी करा. पंधराव्या खेपेला बरोबर १ उरतो. संख्या निम्मी करणारे पंधरा टप्पे एकापुढे एक जोडले, की शेवटी सेकंदाला एक ठोका मिळतो.

मात्र कोणताही स्फटिक अगदी अचूक कापला जात नाही. दहा लाखांत २० कंपनांची चूक सर्रास चालवून घेतली जाते. दिवसाचे सेकंद ८६,४००. म्हणजे चूक दिवसाला सुमारे १.७ सेकंद, महिन्याला ५० च्या वर. त्यात तापमानाची भर पडते. लंबकाचे घड्याळ उन्हाळ्यात मागे आणि थंडीत पुढे जाते, हे तुम्ही शिकला आहात. या स्फटिकाची तऱ्हा निराळी. तो २५ अंश सेल्सिअसच्या आसपास सर्वांत जलद असतो. तापला तरी मंदावतो आणि गारठला तरी मंदावतो! तापमानातील फरकाचा वर्ग करून ०.०३४ ने गुणा, म्हणजे दहा लाखांत किती भाग घट झाली ते साधारणपणे कळेल. ४५ अंशांना फरक २०, त्याचा वर्ग ४००, घट १३.६, म्हणजे दिवसाला सव्वा सेकंदाच्या आत-बाहेर. एवढ्याशा चुकीसाठी लॅपटॉप उघडू नये. 'वेळ आपोआप जुळवा' ही सोय चालू ठेवली, की इंटरनेटवरून योग्य वेळ मिळत राहते आणि ही चूक साचत नाही.

आता रात्रीत अकरा तासांची गोष्ट. रात्री ८ ला लॅपटॉप बंद केला, सकाळी ७ ला उघडला आणि घड्याळात रात्रीचे ८ च वाजलेले! येथे घड्याळ हळू चाललेले नाही, ते रात्रभर थांबले होते. बंद लॅपटॉपमध्ये स्फटिकाला हलते ठेवण्याचे काम बहुधा एक नाण्याएवढा लिथियम सेल करतो. त्यावर सी आर २०३२ असे लिहिलेले पुष्कळदा आढळते. या आकड्यांचा अर्थ सोपा आहे : व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर. त्याचा दाब ३ व्होल्ट असून त्यात सुमारे २२० मिलिअँपिअर-तास इतका विद्युतभार असतो. आतल्या घड्याळाला ३ मायक्रोअँपिअर प्रवाह लागतो असे धरले, तर हा सेल ७३,००० तासांहून अधिक, म्हणजे आठ वर्षे पुरेल. दाब फार उतरला की कंपने थांबतात. कधी घड्याळ थांबल्या जागेपासून पुढे चालू लागते, तर कधी कारखान्यात ठरविलेल्या जुन्या तारखेवर जाऊन बसते.

काही लॅपटॉपांत असा वेगळा सेल नसतोच. मोठी बॅटरीच हे काम करते. असा लॅपटॉप सुटीभर कपाटात पडून राहिला आणि बॅटरी पूर्ण उतरली, तर घड्याळ थांबणारच. तेथे सेल शोधत बसण्यात अर्थ नाही, आधी चार्जर लावून पाहावा.

उरले साडेपाच तास. यात बिघाड कसलाच नाही, भूगोल आहे! भारताची प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावरून ठरते. एका अंशाला ४ मिनिटे, म्हणून ३३० मिनिटे, म्हणजेच साडेपाच तास. एकाच लॅपटॉपवर लिनक्स आणि विंडोज दोन्ही असतील, तर सामान्यतः लिनक्स आतल्या घड्याळात जागतिक प्रमाणवेळ लिहिते, आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजून वाचते. दुपारी ३.३० ला विंडोज सकाळचे १० दाखविते ते यामुळे. दोघांनाही एकच रीत पाळावयास लावणारा बदल कार्यप्रणालीत करावा लागतो. चूक बरोबर अर्ध्या तासाची असेल, तर कोणी चुकून पाकिस्तानची प्रमाणवेळ निवडली आहे का ते पाहा.

तुमच्या लॅपटॉपचा आजार ओळखण्यासाठी पुढील प्रयोग करा. आपोआप जुळवणी बंद करा, नाहीतर चूक झाकली जाईल. मोबाइलच्या घड्याळाशी वेळ सेकंदापर्यंत जुळवा. इंटरनेट न लावता लॅपटॉप दोन तास चालू ठेवून फरक लिहा. मग तो पूर्ण बंद करून चार्जर काढा आणि १२ तासांनी फरक पुन्हा लिहा. दुसऱ्या रात्री चार्जर लावून हेच करा. बंद असतानाच काही तासांचा फरक पडला, तर सेलवर किंवा बॅटरीवर संशय घ्यावा. चालू असतानाच काही मिनिटे मागे पडत असेल, तर सेल निर्दोष आहे. कार्यप्रणाली आणि उत्पादकाची मूळ आज्ञावली अद्ययावत करून पाहावी.

सेल बदलण्याचे काम जाणकाराकडूनच करवून घ्या. काढलेला सेल टेबलावर ठेवू नका : लहान मुलाने तो गिळला, तर अन्ननलिकेला काही तासांतच गंभीर जखम होते, आणि ही भीती उतरलेल्या सेलबाबतही असते. नवा सेल बसला, की तारीख आणि वेळ लावा, बारा तासांचा प्रयोग पुन्हा करा, आणि आता सेकंदाचाच काय तो फरक उरला असेल, तर आपोआप जुळवणी पुन्हा चालू करून टाका.