मुलामागे १४५ रुपये, गांडुळांसकट

पर्यावरण कार्यशाळेचं कोटेशन आलं की सगळे आधी शेवटचा आकडा बघतात. पालक-शिक्षक संघाचा हिशेब तीन वर्षं सांभाळल्यावर मी आता ‘किमान किती विद्यार्थी’ ही ओळ शोधते. मुलामागे ३५० रुपये ऐकायला बरे वाटतात. खाली बारीक अक्षरात ‘किमान १००’ असलं की बिल ३५ हजारांचं. शिवाय शंभर जणांना एका हॉलमध्ये कोंबलं की हाताने करायचं ते पडद्यावर बघायचं होतं.

आमचा पुण्यातला हिशेब सांगते. सहावीची ४० मुलं, शाळेचंच आवार, दोन तास, विषय गांडूळखत. दोन क्रेट ६०० रुपयांना, अर्धा किलो गांडुळं २५०, कोकोपीट १५०, खुरपी-फडकी ३००. दोन प्रशिक्षकांचं मानधन प्रत्येकी २,०००, त्यांच्या रिक्षाचे ५००. एकूण ५,८००, म्हणजे मुलामागे १४५. वाळका पाला फुकट. याच वर्गाला बसने शहराबाहेर नेलं तेव्हा नुसती बस १० हजारांना पडली; दोन मार्गदर्शक ४ हजार, नाश्ता २,४००. मुलामागे ४१०, प्रवेशाचं तिकीट निराळं. सहल जरूर काढा, पण तिला कार्यशाळा म्हणू नका. मुलं अर्धा दिवस खिडकीसाठीच भांडत होती.

घासाघीस करायची तर साहित्यावर करा, माणसांवर नको. आम्ही एकदा दुसऱ्या प्रशिक्षकाचे २,००० वाचवले. पुढच्या दहा मुलांनी गांडुळं हाताळली, मागच्या तिसांनी एकमेकांच्या मानेवर पाला टाकला. पुढच्या वेळी दोघं आले, सहा-सहाचे गट केले. एका मुलीने गांडूळ उचललं, ते तळहाताला चिकटून वळवळायला लागलं. प्रशिक्षक ताईंनी आधी तिचे हात पाण्यात बुडवायला लावले: गांडूळ कातडीतून श्वास घेतं, कातडी सुकली तर ते गुदमरतं. मग बाकीचे आपणहून नळाकडे धावले.

‘तयार किट’पासून जरा जपून. एका संस्थेने आम्हाला ऑक्टोबरात बीजगोळे विकले, पाऊस जाऊन पंधरवडा झाल्यावर. गोळा फोडून पाहिला तर आत सुबाभूळ, जिने आमच्या टेकडीवर आधीच उच्छाद मांडलाय. बी कुठलं, कोणत्या महिन्यात टाकायचं, हे पैसे देण्याआधी विचारा. जीएसटी धरून की वगळून, हेही तेव्हाच. आगाऊ अर्धीच रक्कम द्या. शाडूच्या गणपतीची कार्यशाळा हवी असेल तर जूनमध्येच तारीख धरा. गणपती तोंडावर आले की चांगली माणसं मिळत नाहीत.

सरकारी शाळांनी वर्गणी काढण्याआधी समग्र शिक्षा अभियानाचं दार वाजवावं. इको क्लबसाठी त्यात वर्षाला प्राथमिकला ५ हजार, उच्च प्राथमिकला १५ हजार आणि माध्यमिकला २५ हजारांपर्यंत तरतूद आहे. खाजगी शाळांना पालकच.

कोटेशनमध्ये बहुधा नसतो तो खर्च नंतरचा. खत व्हायला दीड-दोन महिने लागतात. तोवर क्रेट कोण बघणार? ओलावा पिळलेल्या फडक्याइतका हवा, लिंबाची सालं नि डब्यातलं तेलकट उरलंसुरलं आत जाता कामा नये, आणि दिवाळीच्या सुट्टीत कुणीतरी पाणी शिंपडायला हवं. आम्ही शिपाईमामांना महिन्याला ३०० रुपये ठरवून दिले. त्याआधीच्या वर्षी ते वाचवले होते, तेव्हा सुट्टीनंतर क्रेटमध्ये नुसती वाळकी पानं उरली होती. प्रशिक्षकांचे दुसऱ्या फेरीचे पैसेही सुरुवातीलाच ठरवून घ्या, खत चाळायच्या दिवशीचे. चाळण मात्र घरून आणा. उपाहारगृहाची मागितलीत तर परत देता येत नाही.