टाकी भरलेली, नळ कोरडा

प्रश्न : नगरपरिषदेवर पहिल्यांदाच निवडून आले आहे. प्रभागातल्या शेवटच्या गल्लीला पाणीच पोचत नाही. कर्मचारी म्हणतात, टाकी तर भरलेली असते. प्रशिक्षण कुठे मिळेल आणि तोवर काय करू?
– एक नगरसेविका

उत्तर : ताई, पुण्याची ‘यशदा’ आणि १९२६पासूनची अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था, दोन्हीकडे लोकप्रतिनिधींसाठी वर्ग होतात. जरूर जा. पण पहिला धडा व्हॉल्व्हमनकडे आहे.

पाणी सुटायच्या वेळी त्याच्यासोबत फिरा. दहा लिटरची बादली आणि घड्याळ घ्या. गल्लीच्या तोंडाशी बादली समजा २० सेकंदांत भरली आणि टोकाला दोन मिनिटं लागली. पाणी ४५ मिनिटं असेल, तर पहिल्या घराला १,३५० लिटर मिळतं, शेवटच्याला २२५. भुयारी गटार असलेल्या शहरात माणशी १३५ लिटरचा निकष धरतात. म्हणजे पाच माणसांना ६७५. हा हिशेब वहीत मांडला की ‘टाकी भरलेली असते’ हे उत्तर कुणी पुन्हा देत नाही!

मग कारण शोधा. वीज गेल्यावर टोकाला धार वाढते का? वाढली, तर वरच्या घरांनी नळाला थेट मोटारी लावल्यात. (त्यात आपलेच कार्यकर्ते निघतात, तयारी ठेवा.) नाही वाढली, तर अर्धवट उघडलेला व्हॉल्व्ह नाहीतर गळती पाहा.

व्हॉल्व्हमनला परस्पर हुकूम मात्र सोडू नका. प्रशासन मुख्याधिकाऱ्यांकडे असतं. वही घेऊन त्यांना आणि पाणीपुरवठा अभियंत्यांना भेटा.