शेंड्याकडे कोण बघणार?

चिपळूण
5 ऑक्टोबर 2025

चि. बाळास,


काल संध्याकाळी केळशीहून खालच्या आळीतल्या वहिनींचा फोन आला होता. आधी इकडचं तिकडचं बोलल्या आणि मग हळूच म्हणाल्या, "आगर राखणाऱ्या आबांना दिवाळीनंतर येऊ नका म्हणून सांगितलंत म्हणे." मला काहीच ठाऊक नाही म्हटल्यावर त्यांनाच अवघडल्यासारखं झालं. आगर कुणा ठेकेदाराला देणार, तो महिन्याला आठ हजारांत सगळं करतो, पंधरा दिवसांनी चार माणसं येऊन साफसफाई करून जाणार, असं त्यांच्या कानावर आलंय. आबांनी पगाराचे बाराचे पंधरा हजार मागितले त्यावरून हे निघालं असंही म्हणाल्या. खरंखोटं तुलाच माहीत. पण रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नाही, म्हणून सकाळी पहिलं काम हे पत्राचं घेतलं.

मी हक्कसोडपत्रावर सही केली तेव्हा तुझा जन्मही झाला नव्हता. आगर तुझं आहे, पैसे तुझ्या पगारातून जातात, तेव्हा ठरवायचं तूच. माझं ऐकलं नाहीस तरी मी रुसून बसणार नाही. पण ऐकून घे.

मला एकच सांग, शेंड्याकडे कोण बघणार?

पंधरा दिवसांनी येणारी माणसं गवत काढतील, पडलेल्या झावळ्या गोळा करतील, आळी नीट करतील. तुला फोनवर फोटो पाठवतील आणि आगर त्यात लख्ख दिसेल. पण फोटोत जमीन दिसते रे, माडाचा जीव असतो वर. माडाला कोंब एकच. आंब्याची फांदी मोडली तर शेजारून दुसरी फुटते, माडाचा कोंब गेला की उभा माड गेला. आणि त्या कोंबावर गेंड्या भुंगा टपलेला असतो. तो कोवळ्या सुरळीत शिरून खातो, आणि ती झावळी उमलली की कात्रीने तिरकी कापल्यासारखी दिसते. तेवढ्यावर असेल तर तारेचा आकडा घालून भुंगा ओढून काढता येतो, बेचक्यात वाळू आणि निंबोळी पेंड भरता येते, झाड वाचतं. पण गेंड्याने केलेल्या जखमेतून मागाहून सोंड्या शिरतो, आणि सोंड्याच्या अळ्या आतूनच खोड खातात. बाहेर काही दिसत नाही. शेंडा कलला म्हणून जेव्हा सगळ्या गावाला कळतं, तेव्हा आत काही उरलेलं नसतं.

विहिरीजवळचा माड तुला आठवत असेल. तुझे बाबा, म्हणजे आपले अण्णा, होते तेव्हाची गोष्ट, तू दहावी-अकरावीत असशील. आबा दोन दिवस त्या माडाभोवती घुटमळत होते. खोडावर एका जागी तांबूस चीक ओघळला होता, अगदी बोटभर. तिसऱ्या दिवशी दुपारी सगळं सामसूम असताना ते खोडाला कान लावून उभे राहिले, आणि अण्णांना हाक मारून म्हणाले, आत करकर वाजतंय. अण्णांनीही कान लावला. तो माड पाडला, फोडला, तर आत खोडाची पेज झालेली, आंबूस घाण वास, आणि काथ्याने विणल्यासारखे अंगठ्याएवढे कोश. सगळं तिथल्या तिथे जाळलं. एक माड गेला, पण आजूबाजूचे वाचले, कारण कोशातले भुंगे बाहेर पडून उडण्याआधी आबांनी कान लावला होता. आता हे काम ठेकेदाराशी केलेल्या करारात कुठल्या कलमात लिहिशील, सांग बरं.

तुझं म्हणणं काय असणार तेही मला कळतं. आबांचे गुडघे गेले, ते आता माडावर चढत नाहीत, मग जो चढत नाही त्याला पंधरा हजार कशाला द्यायचे. वहिनींनी तेही सांगितलं. अरे, चढणारा माणूस झाडामागे पैसे मोजून मिळतो. हल्ली यंत्राने माडावर चढायचं शिक्षण नारळ विकास मंडळ देतं, ते घेतलेली मुलं बोलावली की येतात, नारळ उतरवतात आणि पैसे घेऊन जातात. पण रोज सकाळी आगरातून चालत जाऊन एकेका माडाकडे मान वर करून बघणारा माणूस भाड्याने मिळाल्याचं मी अजून ऐकलेलं नाही. आबांना वर चढावं लागत नाही. खालूनच कळतं त्यांना, कुठली झावळी कातरली आहे, कुठल्या माडाची सुरळी मलूल आहे.

आणि त्या चार माणसांची मला दुसरीही भीती आहे. घाईचं काम असलं की वाळलेल्या झावळ्यांबरोबर हिरव्याही तोडतात, खोडाला लागून. ताज्या जखमेच्या वासावर सोंड्या येतो. हिरवी झावळी तोडायचीच झाली तर खोडापासून चार फूट देठ ठेवून तोडायची असते. चढायला खोडात खाचा पाडल्या की त्याही जखमाच. ही माणसं वाईट नसतात रे, त्यांना दिवसात पाच आगरं उरकायची असतात.

तू ठिबक बसवलंस ते चांगलं केलंस. पण उंदीर नळ्या कुरतडतात, भोकं गाळाने बुजतात, आणि हे कळतं ते आळ्यात हात घालून ओल बघणाऱ्याला. पोय उमलल्यापासून नारळ तयार व्हायला बारा महिने लागतात. माघात पाणी चुकलं तर तुला ते पुढच्या हिशेबात दिसेल, आणि तू म्हणशील यंदा नारळ कमीच धरले.

आता निसर्ग वादळाचं बोलते. बोलणार नव्हते, पण त्याशिवाय माझं म्हणणं पुरं होत नाही. 3 जून 2020. तू पुण्यात अडकलेला, रस्ते बंद, फोन बंद, केळशीला वीज यायला किती दिवस लागले ते तुला माहीत आहे. आगरात उभं असं फारसं काही राहिलं नव्हतं. पोफळी एकमेकींवर आडव्या, त्यांच्यावर माड, विहिरीपर्यंत जायला वाट नाही. सरकारने सुपारीच्या झाडामागे 50 रुपये आणि नारळामागे 250 रुपये भरपाई ठरवली. अण्णांच्या आजोबांनी लावलेल्या झाडाचे ते पैसे! तेव्हा आबांच्या स्वतःच्या घरावर कौल नव्हतं. तरी घरावर ताडपत्री टाकून ते आपल्या आगरात आले, आणि पाऊस पडत असताना त्यांनी आणि त्यांच्या मुलाने करवतीने एकेक खोड कापून वाट केली. तुला त्यांनी त्या महिन्यांचे किती पैसे मागितले ते तू मला सांगितलं होतंस. मी ते विसरलेले नाही, तूही विसरला नसशील.

पुढच्या पावसात, 2021 मध्ये, तुम्ही नवी रोपं लावलीत. बाणवलीचे माड आणि श्रीवर्धनी रोठ्याच्या पोफळी. पोफळीला लहानपणी ऊन सोसत नाही, पश्चिमेच्या उन्हाने तिचं खोड भाजतं, तडकतं. पूर्वी मोठ्या झाडांची सावली असायची, तीच वादळाने नेली. म्हणून आबांनी केळी लावल्या आणि रोपारोपाला त्या बाजूने झाप बांधला, दर पावसाळ्यात कुजला की दर हिवाळ्यात नवा. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पोफळ धरायला सहा-आठ वर्षं जातात. म्हणजे चार वर्षं गेली, पोय दिसायला आता थोडीच उरली. इतकी वर्षं जपून, हातातोंडाशी घास आल्यावर माणूस बदलायचा?

यंदा पाऊस तर मे महिन्यातच लागला. एवढ्या लांबलेल्या पावसात जी थोडी जुनी पोफळ उरली आहे तिच्यावर कोळेरोग यायला किती वेळ? वहिनी म्हणाल्या की आबांनी बोर्डो मिश्रण दोनदा मारून घेतलं. ते कसं करतात बघितलं आहेस का कधी? मोरचूद एका भांड्यात, चुना दुसऱ्या भांड्यात, आणि मिसळून झालं की लोखंडी सुरी त्यात बुडवून धरायची. सुरीवर तांबडा रंग चढला तर मोरचूद जास्त झालाय, अजून चुना घालायचा. नाहीतर पानं करपतात. शंभर लिटरला एक किलो मोरचूद, एक किलो चुना, हे कुणालाही पाठ करता येतं. सुरी बुडवून थांबायला मात्र धीर लागतो.

पुन्हा तिथेच आले बघ. शेंड्याकडे कोण बघणार, हेच माझ्या डोक्यातून जात नाही.

आणि वहिनींकडून कळलं याचं मला जास्त वाईट वाटलं. आबांनाही बहुतेक असंच कुणाकडून तरी कळलं असेल. त्यांना नको म्हणायचं असेल तर ओटीवर समोर बसून, चहा देऊन सांगायचं. अण्णांनी त्यांना कधी अरेतुरे केलं नाही. जाताना दोन नारळ नेत असतील तर ते अण्णांनीच ठरवून दिलेलं आहे, ती चोरी नव्हे. कुणी तुझ्या कानात तसं भरवत असेल तर काढून टाक.

फार बोलले का? बोलले असेन. तुला वाटेल, आत्या वर्षातून एकदा आंब्याच्या दिवसांत यायची, हिला आगराचा एवढा पुळका कुठून आला. बरोबर आहे तुझं. सही केल्यावर मी माहेरी पाहुणीसारखीच येत राहिले. अण्णा दर कार्तिकात पत्र टाकायचा, शिंपणं सुरू झालंय, चार दिवस ये. लहानपणी संध्याकाळी पाटाला पाणी सोडलं की आम्ही दोघं पाण्याच्या पुढे धावायचो, कोण आधी शेवटच्या पोफळीशी पोचतं ते बघायला. म्हणून बोलवायचा. पण कार्तिकात माझी शाळा, सासूबाईंचं आजारपण, मुलांच्या परीक्षा. मेमध्ये यायचे तेव्हा पाट कोरडे, बोलणं आंब्याचं आणि पाहुण्यारावळ्यांचं. लग्नानंतर एकाही हिवाळ्यात मी त्याच्याबरोबर त्या पाटावर उभी राहिले नाही. आता अण्णा नाही. मनात राहून गेलंय ते राहूनच गेलं. म्हणून आगराचं काही ऐकलं की मी अशी वाहवत जाते, मनावर घेऊ नकोस.

तुझी ओढाताण मला दिसत नाही असं समजू नकोस. घराचा हप्ता, छकुलीची शाळा, आणि त्यात ज्या आगरातून अजून फारसं काही येत नाही त्यावर दर महिन्याला पैसे ओतायचे. तुझ्या जागी दुसरा कुणी असता तर वादळानंतरच जमीन विकून मोकळा झाला असता. तू नवी रोपं लावलीस. तुझ्यावर रागावण्याआधी मी हे म्हणायला हवं होतं.

एक सुचवते, पटलं तर बघ. आबांच्या मुलाला अर्ध्या वेळेचा पगार दे आणि आबांना फक्त रोजच्या फेरीचा, दोघांचे मिळून पंधराच्या घरात बसेल. माडांच्या मधल्या जागेत मुलाला मिरी, जायफळ, दालचिनी लावू दे, भाट्ये नारळ संशोधन केंद्रवाले ज्याला लाखी बाग म्हणतात तशी. त्यातला अर्धा वाटा त्याचा, कागदावर लिहून. जायफळाला वेळ लागेल, पण मिरी तीन-चार वर्षांत हाताला येते. त्याचा स्वतःचा जीव आगरात अडकला की आबांनंतर कोण, हा प्रश्नही तुला पडणार नाही. आणि बारावरचे तीन हजार म्हणशील तर ते माझ्या पेन्शनमधून दर महिन्याला येतील. नाही म्हणायचं नाही. औषधं आणि किराणा सोडला तर मला खर्च काय आहे? अण्णाच्या आगराला पाणी जातंय एवढं कळलं तरी मला पुरे.

दिवाळीत केळशीला येणार आहेस ना? मलाही वाटेत चिपळुणाहून घेऊन चल. चकली-कडबोळी मी करून आणते, सूनबाईला सांग तिने काही करत बसू नये, तिची कंबर अजून दुखते असं मागे म्हणाली होती. छकुलीला पाटात खेळायला जुने कपडे घ्या.

ठेकेदाराला आगाऊ पैसे दिले असशील आणि आता मागे घेता येत नसतील, तरी मला सांग. मी ओरडणार नाही. आपण दोघं मिळून आबांकडे जाऊ आणि काय ते बोलू, मी असले तर तुला जड जाणार नाही. पत्राचं उत्तर लिहायला तुला सवड कुठली, फोनच कर. ऑफिस सुटायला कितीही उशीर झाला तरी कर, मी जागीच असते. आणि जेवून घेत जा रे वेळेवर, मागच्या वेळी आलास तेव्हा फारच उतरलेला दिसलास.

तुझी,
आत्या