रुग्ण पडला तिथेच उपचार

कार्डियाक अरेस्ट म्हणजे हृदयाचे रक्त पुढे ढकलण्याचे काम एकाएकी बंद पडणे. हार्ट अटॅकमध्ये हृदयाची रक्तवाहिनी तुंबते, पण रुग्ण बहुधा शुद्धीवर असतो आणि छातीत दुखतंय असे स्वतः सांगतो. अरेस्टमध्ये तो कोसळतो, हाकेला ओ देत नाही, नाडी लागत नाही. अटॅकमधून अरेस्ट उद्भवू शकतो. छाती दाबलीच गेली नाही, तर शॉक देऊन रुग्ण वाचण्याची शक्यता दर मिनिटाला साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. अॅम्ब्युलन्सवरच्या पथकाची सारी शिस्त या आकड्याभोवती उभी आहे.

पहिली फसगत आचक्यांमुळे होते. हृदय थांबल्यावर काही मिनिटे रुग्ण मधूनमधून तोंड उघडून मोठा, घरघरणारा श्वास घेतल्यासारखा करतो. घरचे म्हणतात, “श्वास चालू आहे हो.” तो श्वास नव्हे. रुग्ण बेशुद्ध आहे आणि श्वास नेहमीसारखा नाही, एवढे दिसले की छाती दाबायला घ्यावी. नाडी पाहण्यात १० सेकंदांहून जास्त घालवू नयेत. शंका असेल तर अरेस्टच धरावा.

दुसरी चूक अधिक महागात पडते, आणि ती मायेपोटी होते. रुग्णाला उचलून गाडीत टाकायची सगळ्यांना घाई असते. प्रस्तुत लेखकाच्या डोळ्यांसमोर असाच एक रुग्ण जुन्या इमारतीतल्या वरच्या मजल्यावरून खाली नेण्यात आला. लिफ्टमध्ये स्ट्रेचर आडवे मावत नव्हते. जिन्याच्या प्रत्येक वळणावर ते तिरपे करावे लागे, चौघांचे आठही हात दांड्यांवर, आणि छातीवर एकही नाही. गाडी वेगाने रुग्णालयात पोहोचली, पण त्या जिन्यात गेलेला वेळ भरून निघाला नाही. त्यानंतर धावत्या गाडीतली कसरत: वळणावर तोल जातो, दाब उथळ पडतो, पथकालाही इजा होते.

हा उपचार रुग्णापर्यंत नेण्यासाठीच तर ही सेवा जन्मली. शस्त्रक्रियेने छाती न उघडता बाहेरून दाबून रक्ताभिसरण चालू ठेवता येते, हे जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी १९६० साली मांडले. १९६६ मध्ये बेलफास्टला फ्रँक पँट्रिज यांनी मोटारीच्या बॅटरीवर चालणारे अवजड शॉकयंत्र अॅम्ब्युलन्समध्ये बसवले. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ च्या गाडीतून डॉक्टर घरापर्यंत येतो. अरेस्टच्या पहिल्या काही मिनिटांत रुग्णालय जे करील, त्यातले बहुतेक सगळे त्याच्या सामानात असते. म्हणून पथकाने तिथेच बसून काम करावे.

अर्थात जागा मोकळी हवी. पलंग आणि कपाटाच्या फटीत काम होत नाही, आणि गादीवर दाबले तर छातीऐवजी गादीच दबते. काखेत हात घालून रुग्णाला सरळ हॉलमधल्या फरशीवर ओढून घ्यावे. टीपॉय बाजूला करायला घरच्यांना सांगावे. छातीच्या मधोमध, हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर तळहाताची टाच, कोपर ताठ, दाब ५ ते ६ सेंटिमीटर, वेग मिनिटाला १०० ते १२०. दरवेळी छाती पूर्ण वर येऊ द्यावी. ती वर येते तेव्हाच हृदय पुन्हा भरते. दर २ मिनिटांनी दाबणारा बदलावा, दमलो नाही असे तो म्हणाला तरी. थकवा हातांना आधी कळतो, माणसाला नंतर.

शॉकयंत्र येताच लावावे. घामाने ओली छाती पुसल्याशिवाय पॅड चिकटत नाहीत: एक उजव्या गळपट्टीच्या हाडाखाली, दुसरा डाव्या काखेखाली. शॉक फक्त दोन लयींत उपयोगी, हृदयाचे नुसते थरथरणे आणि नाडी नसलेली अतिवेगवान लय. सपाट रेषेवर शॉक देऊन काही साधत नाही. साधे मॉनिटर-शॉकयंत्र चार्ज होईपर्यंत दाबणे चालू ठेवावे, शॉकपुरते हात उचलावेत आणि पडद्याकडे न पाहता लगेच पुन्हा दाबावे.

श्वासासाठी ३० दाबांमागे २ फुंकी, श्वासनलिकेत नळी घातल्यावर ६ सेकंदांना एक. घाबरलेला हात श्वास देणारी पिशवी भराभर दाबतो; त्याने छातीतला दाब वाढतो आणि हृदयाकडे परतणारे रक्त अडते. अॅड्रेनॅलिन १ मिलिग्रॅम दर ३ ते ५ मिनिटांनी. औषधासाठी किंवा नळीसाठी छातीवरचे हात थांबवू नयेत.

काही रुग्ण वेगळे. बुडालेल्याला श्वास आधी हवा. शेतपंपाच्या वायरला चिकटलेल्याला वीज बंद केल्याशिवाय हात लावू नये. पोट बेंबीपर्यंत वा त्याहून वर आलेल्या गर्भवतीचे गर्भाशय हाताने डावीकडे सरकवून धरावे आणि तिला मात्र लवकर हलवण्याची तयारी ठेवावी.

नाडी परतली की घाई आवरावी. रक्तदाब, ऑक्सिजन, साखर पाहावी. ईसीजी लगेच काढला तर फसवा येऊ शकतो. आठ-दहा मिनिटांनी काढलेला अधिक भरवशाचा. मग गाडी हलवावी, पॅड छातीवरच ठेवून, कारण वाटेत हृदय पुन्हा थांबू शकते. रुग्णालयाला आधी फोन करून चार वेळा सांगाव्यात: रुग्ण कोसळला केव्हा, पहिला दाब केव्हा, पहिला शॉक केव्हा, नाडी आली केव्हा.