प्रार्थनेची भाषा आणि प्रार्थनेचे बळ : मराठी ख्रिस्ती परंपरेच्या संदर्भात

प्रस्तावना

मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये 'प्रार्थनाजीवन' हा शब्द वारंवार कानी पडतो. आपले प्रार्थनाजीवन दुबळे झाले आहे, ते बळकट व्हावे, असे एखादा श्रद्धावान मनुष्य सांगतो, तेव्हा त्याच्या मनात बहुधा वेळेचा, नियमाचा किंवा विश्वासाचा प्रश्न असतो. भाषेचा प्रश्न सहसा कोणी उपस्थित करीत नाही. प्रस्तुत घटकात आपण तोच उपस्थित करणार आहोत. प्रार्थना दुबळी होण्याचे एक कारण ती उसन्या, झिजलेल्या किंवा अर्धवट परक्या भाषेत होत राहणे हे असू शकते. आणि ज्यांनी मराठी ख्रिस्ती प्रार्थनेला बळ दिले, त्यांनी तिला प्रथम भाषा दिली, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ते तपासून पाहणे हे या घटकाचे प्रयोजन आहे.

तुमच्यापैकी काहीजण ख्रिस्ती असतील, पुष्कळजण नसतील. जे आहेत त्यांना आपल्या नित्याच्या प्रार्थनेकडे थोड्या वेगळ्या नजरेने पाहता यावे, आणि जे नाहीत त्यांना मराठी भक्तिभाषेचा एक कमी परिचयाचा प्रवाह कळावा, अशी अपेक्षा आहे. हा अभ्यासघटक आहे, उपदेश नव्हे. परंतु प्रार्थनेविषयी लिहिताना ती करणाऱ्याच्या अंतःकरणाला वगळून लिहिता येत नाही, हेही आरंभीच मान्य केलेले बरे.

प्रार्थना : एक भाषिक कृती

ऑक्सफर्डचे तत्त्वचिंतक जे. एल. ऑस्टिन यांचा वाक्कृतीविषयीचा ग्रंथ १९६२ साली प्रसिद्ध झाला. काही वाक्ये केवळ माहिती देत नाहीत. ती उच्चारणे हीच कृती असते, हा त्यांचा मुद्दा तुम्ही भाषाविज्ञानाच्या अभ्यासात पाहिला असेल. 'मी वचन देतो' असे म्हणणे म्हणजेच वचन देणे. प्रार्थना जवळजवळ संपूर्णपणे अशा कृतींची बनलेली असते. 'उपकार मानतो', 'कबूल करतो', 'शरण येतो' ही वाक्ये देवाला माहिती पुरवीत नाहीत. ज्याला सर्व ठाऊक आहे असे मानले आहे, त्याला माहिती कशाला द्यावयाची? तरीही मंडळीतील कित्येक प्रार्थना वृत्तांतासारख्या होतात : कोण आजारी आहे, कोणत्या रुग्णालयात आहे, डॉक्टर काय म्हणाले. ऐकणाऱ्यांना ही माहिती हवी असते हे खरे. परंतु ती देताना बोलणाऱ्याचे तोंड देवाकडून माणसांकडे वळलेले असते.

हे वळणे मराठीत एका सर्वनामात पकडता येते. इंग्रजीत जेथे एकच बहुवचनी प्रथमपुरुषी सर्वनाम आहे, तेथे मराठीत दोन आहेत : 'आम्ही' आणि 'आपण'. 'आम्ही'मध्ये ज्याच्याशी बोलतो तो येत नाही. 'आपण'मध्ये तो येतो. म्हणून प्रवचनकार मंडळीला 'आपण पापी आहोत' असे म्हणतो, आणि तोच प्रवचनकार डोळे मिटून देवाशी बोलू लागला की त्याला 'आम्ही पापी आहोत' असेच म्हणावे लागते. कारण 'आपण' म्हटले तर देवही पाप्यांत गणला जाईल. आता एखादी लांबलेली सार्वजनिक प्रार्थना लक्षपूर्वक ऐका. 'हे प्रभू, आज आपण येथे जमलो आहोत, आपण सर्वांनी लक्षात ठेवले पाहिजे की…' अशी वाक्ये येऊ लागली, म्हणजे प्रार्थना संपून प्रवचन सुरू झाले आहे. वक्त्याला ते कळलेले नसते. व्याकरणाला कळलेले असते.

दुसरे सर्वनाम 'तू'. प्रभूने शिकवलेली प्रार्थना मत्तयाच्या सहाव्या आणि लूकच्या अकराव्या अध्यायात आहे. तिच्या मराठी रूपात देवाला 'पित्या' अशी हाक आहे आणि पुढे सर्वत्र 'तू', 'तुझे' आहे. आपल्याला ही सवयीची झाली आहे, म्हणून तिचे नवल वाटत नाही. परंतु एकोणिसाव्या शतकातील मराठी घर डोळ्यांसमोर आणा. आईला 'अगं आई', 'तू'. वडिलांना मात्र अनेक घरांत 'अहो', 'तुम्ही'. पित्याला 'तू' म्हणणे हे त्या घरात जन्मलेल्या माणसाच्या जिभेला जड गेले असणार. ते सुकर कशामुळे झाले? वारकरी संतांनी विठ्ठलाला मायबाप म्हणून 'तू' म्हणण्याची वाट आधीच पाडून ठेवली होती. येशूने देवासाठी वापरलेला 'अब्बा' हा अरामी शब्द घरगुती जवळिकीचा आहे. तो मार्कच्या चौदाव्या अध्यायात, गेथशेमाने बागेतील व्याकूळ रात्री येतो. त्या जवळिकीला मराठीत घर मिळाले ते भक्तिपरंपरेच्या अंगणात.

याच प्रार्थनेतील क्रियापदेही पाहण्यासारखी आहेत. पूर्वार्धात 'येवो', 'होवो' अशी तृतीयपुरुषी आज्ञार्थी रूपे आहेत. मागणारा येथे स्वतःकडे काही ओढत नाही. जे व्हावयाचे त्याला वाट मोकळी करून देतो. उत्तरार्धात भाकरीपाशी येताच भाषा थेट द्वितीयपुरुषी आज्ञार्थात उतरते : 'दे'. लहानाने थोरास आज्ञार्थ वापरणे मराठी शिष्टाचारात बसत नाही, पण भुकेलेले मूल आईला 'दे' असेच म्हणते. नाव, राज्य, इच्छा. त्यानंतर भाकरी, क्षमा, सुटका : हा क्रम पाठ असूनही ज्याची स्वतःची प्रार्थना नेहमी भाकरीपासूनच सुरू होते, त्याने या व्याकरणापाशी थोडे थांबावे.

उसन्या भाषेकडून आपल्या भाषेकडे

१५७९ साली गोव्यात आलेले इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ तुम्ही वाङ्मयेतिहासात अभ्यासला आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्याचे महत्त्व असे, की जुनी पुराणे हातातून गेलेल्या नवख्रिस्ती समाजाला गाता येईल, ऐकता येईल आणि पाठ होईल असे काहीतरी त्याने दिले. श्रद्धेला केवळ प्रश्नोत्तरी पुरत नाही, हे स्टीफन्स यांना उमगले होते.

पुढील मोठा टप्पा प्रॉटेस्टंट मिशनांचा. विल्यम कॅरी यांच्या सेरामपूरच्या छापखान्यातून १८११ मध्ये मराठी नवा करार बाहेर पडला. अमेरिकन मिशनरी १८१३ पासून मुंबईत आणि १८३१ पासून अहमदनगरास स्थिरावले. १८४२ मध्ये 'ज्ञानोदय' सुरू झाले. आपल्या नाशिकला चर्च मिशनरी सोसायटीने १८५४ मध्ये शरणपूर वसवले. इंदिरानगरातून शहरात येताना शरणपूर रस्ता आपण नेहमीच ओलांडतो, पण गुलामगिरीतून सोडवलेली आफ्रिकन मुलेही तेथे शिकली आणि त्यांतील जेकब वेनराइट पुढे डॉ. लिव्हिंगस्टन यांचे शव आफ्रिकेच्या अंतर्भागातून किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांत होता, हे किती नाशिककरांना ठाऊक असते? (हे विषयांतर झाले, परंतु स्थानिक इतिहास असा रस्त्याच्या नावात दडलेला असतो.)

या मिशनांनी उपासनेला शिस्त दिली, पुस्तके दिली. परंतु सुरुवातीची गीते बरीचशी इंग्रजी गीतांची भाषांतरे होती आणि इंग्रजी चालींवर बसवलेली होती. इंग्रजी पद्य आघातावर चालते. मराठी पद्य अक्षरसंख्येवर किंवा मात्रांवर. आघाताच्या साच्यात मराठी शब्द कोंबले, की ऱ्हस्वाचे दीर्घ होते आणि शब्द मध्येच तुटतो. अशा गीताने सूर लागतो, पण जीभ अडखळते. आणि अडखळणाऱ्या जिभेने मन विरघळत नाही.

येथे नारायण वामन टिळक यांचे कार्य समजून घ्यावे लागते. त्यांचा जन्म १८६१ चा, बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ चा. आपण तुकारामांच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते मानीत. त्यांनी अभंग आणि भजन ख्रिस्ती उपासनेत आणले, ते केवळ वेष बदलण्यासाठी नव्हे. अभंगाचा चरण एका श्वासात मावतो, यमकामुळे लक्षात राहतो, टाळाबरोबर निरक्षरालाही म्हणता येतो. पुस्तक उघडण्याची गरज नसलेली प्रार्थना शेतात, चुलीपाशी आणि आजाऱ्याच्या उशाशी सोबत येते. प्रार्थनाजीवन बळकट होते ते अशा सोबतीने. १९१७ मध्ये मिशनची चाकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' या भ्रातृमंडळाची कल्पना मांडली, तीमागेही हीच ओढ होती. ९ मे १९१९ रोजी ते निवर्तले. त्यांचे अपुरे 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पुढे नेले.

लक्ष्मीबाई नाशिकजवळच्या जलालपूरच्या. पतीच्या धर्मांतरानंतर काही वर्षे त्या विभक्त राहिल्या आणि नंतर स्वतःच्या निर्णयाने ख्रिस्ती झाल्या. 'स्मृतिचित्रे' वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवा : श्रद्धेत झालेला एवढा मोठा बदल त्यांनी स्वयंपाकघरातील, विनोदाच्याही जवळ जाणाऱ्या भाषेत सांगितला आहे. आध्यात्मिक अनुभवासाठी जड शब्द लागतात, हा समज त्या पुस्तकाने कायमचा दूर केला.

हीच भूमिका पंडिता रमाबाईंनी अधिक कठोरपणे घेतली. त्या संस्कृतज्ञ, तरी मुक्तिसदनातील अल्पशिक्षित स्त्रियांना कळेल असे बायबल हवे म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. भाषांतर पूर्ण होते न होते तोच ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. केडगावच्या याच मुक्तीत १९०५ च्या आरंभी त्यांनी मुलींना आणि स्त्रियांना रोज प्रार्थनेसाठी एकत्र येण्याचे आवाहन केले होते आणि त्याच वर्षीच्या जूनअखेर तेथे मोठी धार्मिक जागृती झाली. तिच्याविषयी मतभेद होते, आजही आहेत. परंतु ज्या विधवांना घरात आवाज चढवण्याची मुभा नव्हती, त्या मोठ्याने, एकाच वेळी, आपापल्या शब्दांत देवाशी बोलू लागल्या, ही घटना भाषेच्या अभ्यासकाने नजरेआड करू नये.

कॅथलिक उपासनेत लोकभाषेला मोकळे दार मिळाले ते दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर. १९६३ च्या अखेरीस परिषदेने उपासनाविषयक दस्तऐवज संमत केला आणि लॅटिन मिस्सेच्या जागी हळूहळू मराठी आली. वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे 'सुबोध बायबल' या वाटेवरचेच. फेब्रुवारीत नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेला गेलात, तर मराठी, कोकणी, इंग्रजी आणि इतरही भाषांतील प्रार्थना एकाच आवारात ऐकू येतील; त्या करणारे सगळे ख्रिस्ती असतात असेही नाही.

तक्रारीला जागा

जुन्या करारात १५० स्तोत्रे आहेत. त्यांतील सर्वांत मोठा गट विलापाचा आहे : 'किती काळ?', 'का सोडलेस?' अशा प्रश्नांचा. आपल्या आजच्या प्रार्थनांत मात्र स्तुती आणि मागणी भरपूर, विलाप जवळजवळ नाही. तक्रार करणे म्हणजे अविश्वास, अशी समजूत रूढ झाली आहे. मराठी मनुष्याला ही समजूत खरे तर शोभत नाही. नामदेव देवाशी रुसतात, जनाबाई त्याला खडे बोल ऐकवतात, तुकाराम भांडतात. ज्याच्याशी नाते नाही त्याच्याशी कोणी भांडत नाही.

प्रार्थनाजीवन खंडित होण्याची वेळ बहुधा दुःखाचीच असते. पती गेला, नोकरी गेली, मूल बरे झाले नाही. आणि नेहमीची गोड वाक्ये तोंडातून निघेनात. त्या वेळी दोन गोष्टी आधार देतात. एक, विलापाची परवानगी. दुसरी, पाठ असलेली प्रार्थना. पाठांतराला 'यांत्रिक' म्हणून हिणवण्याची रीत काही मंडळ्यांत आहे. ती मला अन्यायाची वाटते. स्वतःचे शब्द आटतात तेव्हा पूर्वजांचे शब्द उपयोगी पडतात. 'डिडाखे' या अतिप्राचीन ख्रिस्ती शिक्षणग्रंथात प्रभूची प्रार्थना दिवसातून तीनदा म्हणण्याची सूचना आहे, ती याच अनुभवातून आली असावी. उलटपक्षी, केवळ पाठ केलेलेच म्हणत राहिल्यास आपले आजचे दुःख कधीच उच्चारले जात नाही. दोन्ही हवीत.

नित्याच्या प्रार्थनेची तपासणी

अंबडच्या कारखान्यात पहिल्या पाळीला जाणाऱ्या विद्यार्थ्याला तासभर ध्यान करा असे सांगणे व्यर्थ आहे. त्याला पाच मिनिटे मिळतात. ती त्याच्या भाषेची असावीत, एवढेच पाहावे. त्यासाठी एक साधा उपाय : प्रार्थना झाल्यावर, आठवेल तशी, ती वहीत लिहून काढा. मग वाचा. 'प्रभू', 'हे पित्या' ही संबोधने किती वेळा आली? दर वाक्यात आली असतील, तर ती हाक राहिलेली नाही. विचार करण्यासाठी घेतलेला अवकाश भरण्याचे काम ती करीत आहेत. 'येशूच्या नावात मागतो' असे म्हणता का? मराठीत 'नावाने' मागतात. 'नावात' हे इंग्रजी शब्दयोगाचे अक्षरशः रूपांतर आहे. देव त्यावरून नाकारील असे नव्हे, पण आपण काय म्हणतो हे आपल्यालाच ऐकू येणे त्यामुळे थांबते. 'आमेन' हा हिब्रू शब्द मात्र जसाच्या तसा राहिला हे योग्यच झाले; खंबीर, भरवशाचे असणे हा अर्थ त्याच्या मुळाशी आहे आणि तो साऱ्या जगातील मंडळ्यांना जोडतो.

आणखी एक प्रश्न प्रौढ विद्यार्थ्यांनी स्वतःला विचारावा. मुले इंग्रजी माध्यमात शिकतात, शाळेत इंग्रजीत प्रार्थना म्हणतात. घरच्या सायंप्रार्थनेत ती गप्प बसतात किंवा आजीच्या मराठीला हसतात. भाषा बदलली म्हणून श्रद्धा जाते, असे कोणी म्हणणार नाही. परंतु आजी आणि नातू यांना एकत्र म्हणता येईल अशी एकही प्रार्थना घरात उरली नाही, तर ती कौटुंबिक उपासना कोणाची?

स्वाध्याय

१. 'आम्ही' आणि 'आपण' या सर्वनामांतील भेद प्रार्थना आणि प्रवचन यांच्या संदर्भात सोदाहरण स्पष्ट करा.

२. टिळकांनी अभंग आणि भजन हे प्रकार ख्रिस्ती उपासनेत का आणले असावेत? छंद आणि पाठांतर यांच्या अंगाने उत्तर लिहा.

३. क्षेत्रकार्य : आपल्या घरातील किंवा परिसरातील एका वयस्क व्यक्तीकडून, ती कोणत्याही धर्माची असो, तिची नित्याची प्रार्थना तिच्या संमतीने ऐका. तीत देवाला कोणते सर्वनाम आणि कोणते संबोधन वापरले आहे, ती कोणाकडून शिकली आणि कोणाला शिकवली, याची नोंद दीड पृष्ठात करा. शेवटच्या प्रश्नाला 'कोणालाच नाही' असे उत्तर मिळाले, तर तेही तसेच लिहा.