उलट्या एंजिनातील तेलाची वाट

एकावर एक असे दोन पंख असलेले ‘टायगर मॉथ’ हे प्रशिक्षण-विमान 1931 साली प्रथम उडाले. त्याच्या पुढील आवृत्तीत बसवलेले ‘जिप्सी मेजर’ हे एंजिन चार सिलिंडरांचे, हवेने थंड होणारे आणि सुमारे 130 अश्वशक्तीचे होते. जे. आर. डी. टाटा यांनी आपल्या 1932 सालच्या उड्डाणाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त 15 ऑक्टोबर 1982 रोजी, वयाच्या 78 व्या वर्षी, कराचीहून मुंबईला ज्या ‘लेपर्ड मॉथ’ विमानातून प्रवास केला, त्याचे एंजिनही याच जातीचे. अशी एंजिने आजही जगात अनेक ठिकाणी दुरुस्त करून चालवली जातात. त्यांच्या जीर्णोद्धारात सर्वांत कमी दिसणारे आणि सर्वांत जास्त सावधगिरीचे काम म्हणजे वंगणव्यवस्थेचे.

हे एंजिन उलटे असते. क्रँकशाफ्ट वर आणि सिलिंडर खाली, अशी त्याची रचना आहे. त्यामुळे वैमानिकाला समोरचे अधिक दिसते आणि पंखाही जमिनीपासून उंच राहतो. तेल मात्र एंजिनाच्या तळाशी साठवता येत नाही. टायगर मॉथमध्ये ते विमानाच्या डाव्या अंगाला बाहेरून बसवलेल्या टाकीत राहते आणि वाऱ्याच्या झोताने तेथेच निवते. दाबपंप ते टाकीतून ओढून बेअरिंगांना पुरवतो आणि परतीचा पंप ते गोळा करून पुन्हा टाकीत टाकतो. परतीच्या तेलात हवेचे बुडबुडे मिसळून त्याचे आकारमान वाढलेले असते, म्हणून या दुसऱ्या पंपाची क्षमता पहिल्यापेक्षा जास्त ठेवावी लागते.

टाकी उतरवल्यावर प्रथम तळाशी बसलेला गाळ पाहावा. काजळी, जुन्या तेलाचा चिकट राळेसारखा थर आणि धातूची बारीक भुकटी यांचा तो बनलेला असतो. टाकी द्रावकाने धुऊन, वाफ सोडून पूर्ण स्वच्छ केल्याखेरीज तिच्याजवळ ज्योत नेऊ नये. आत उरलेल्या बाष्पाचा स्फोट होतो. गळती तपासताना हवा अगदी कमी दाबाने भरावी, नाहीतर पातळ पत्रा फुगतो. पट्ट्यांखालच्या जागा विशेष बारकाईने पाहाव्यात. तेथे घातलेला नमदा ओल धरून ठेवतो आणि त्याखाली पत्रा गुपचूप झिजत राहतो.

तांब्याच्या नळ्यांची गोष्ट वेगळी आहे. एंजिनाच्या सततच्या कंपनाने तांबे कडक व ठिसूळ बनते आणि जोडाजवळ केसासारखी चीर पडते. अशी नळी मंद लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवली की ती पुन्हा मऊ होते. लोहाराने पोलादाला असे पाणी दिले तर ते कडक होते. तांब्याचा स्वभाव नेमका उलटा. सांध्यांतील तांब्याच्या चकत्याही शक्यतो नव्याच घालाव्यात.

जुन्या विमानाच्या अभिमानी मालकाला खरा मोह पडतो तो रबरी नळ्यांच्या बाबतीत. मूळ नळी बाहेरून धडधाकट दिसते आणि तिच्यावरील जुना शिक्का त्याला मौल्यवान वाटतो. पण आतील अस्तर तेलाने फुगून सुटलेले असू शकते. टाकी आणि दाबपंप यांमधील नळीत तेल ओढले जाते. थंड, घट्ट तेल ओढताना हे सुटलेले अस्तर पडद्यासारखे मिटते आणि पंप उपाशी राहतो. याच बाजूचा सांधा सैल असला तर तेल बाहेर येण्याऐवजी हवा आत शिरते. त्यामुळे जमिनीवर एक थेंबही न पडता बेअरिंग जळते. बाहेर ठिबकणारे तेल निदान आपली तक्रार सांगते; जिप्सी एंजिने तर ठिबकण्याबद्दल प्रसिद्धच आहेत. म्हणून संग्रहालयात उभ्या राहणाऱ्या विमानावर मूळ नळी शोभेल, उडणाऱ्या विमानावर नवीच हवी.

पंपातील दात्यांच्या बाजूची फट मापकपट्टीने मोजतात. दाब नियंत्रित करणाऱ्या झडपेची बैठक आणि स्प्रिंगही तपासतात. दाब कमी दिसतो म्हणून केवळ स्प्रिंग आवळून काटा वर आणणे हा निव्वळ फसवेपणा आहे, कारण झिजलेले बेअरिंग त्यामुळे भरून येत नाही.

जोडणी करताना प्रत्येक उघड्या तोंडावर घट्ट टोपण ठेवावे. चिंधी कोंबू नये. ती आत विसरली जाते. जाण्याची आणि परतीची नळी खूण करून वेगळी ओळखावी. सुरक्षा-तार अशा दिशेने पिळावी की तिचा ताण नटाला आवळील, सैल करणार नाही. मग ओढनळी तेलाने भरून, प्लग काढून, प्रज्वलनाचे स्विच बंद असल्याची खात्री करून पंखा हाताने फिरवावा, म्हणजे कोरड्या पंपाला तेल धरता येते.

प्लग पुन्हा बसवल्यावर उलट्या एंजिनाचा खास धोका उभा राहतो. उभ्या विमानात तेल झिरपून सिलिंडरांच्या तळाशी साचते. तेल दाबले जात नाही, त्यामुळे दट्ट्या अडतो. तशात जोर केला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून दीर्घ विश्रांतीनंतर पंखा प्रथम हाताने, चालण्याच्या दिशेनेच, सावकाश फिरवतात. अडल्यास प्लग काढून तेल निथळू द्यावे. पंखा उलटा फिरवल्यास तेच तेल आदाननळीत जाते आणि सुरू होताना पुन्हा सिलिंडरात ओढले जाते.

एंजिन सुरू झाल्यावर अर्ध्या मिनिटात दाबमापकाचा काटा हलला नाही, तर ते तत्काळ बंद करावे. काटा नीट वर गेला तरी पहिली फेरी थोड्याच मिनिटांची ठेवून गाळणी उघडावी आणि तिच्यातील कण पांढऱ्या कापडावर पसरून त्यावरून चुंबक फिरवावे. चिकटणारे कण पोलादाचे, म्हणजे दाते किंवा शाफ्ट यांचे. न चिकटणारे चंदेरी कण बहुधा बेअरिंगातील पांढऱ्या धातूचे. थोडी काजळी असली तर गाळणी धुऊन पुन्हा बसवतात. चंदेरी चुरा दिसला तर मात्र एंजिन पुन्हा उतरवावे लागते.